गोड बोलून गळ्यात मारलं, आता दाद कुठे मागायची?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत फसवणूक कशी झाली ते नेमकं लिहिलेलं आहे. घोळ होतो तो दार निवडताना. हेल्पलाइनला फोन केला म्हणजे दावा दाखल झाला असं समजून मुदत घालवली, तर खरी केसही हातची जाते. म्हणून प्रत्येक उत्तरात कोणतं दार काय देतं आणि काय देत नाही, तेही दिलं आहे.

प्रश्न : मॉलमध्ये एक कूपन भरलं होतं. आठवड्याने फोन आला, 'तुमचं लकी ड्रॉमध्ये नाव आलंय, दोघं नवरा-बायको या आणि गिफ्ट घेऊन जा.' हॉटेलात तीन तास बसवून हॉलिडे क्लबची दहा वर्षांची मेंबरशिप दिली. किंमत 1,85,000 रुपये. त्यातले 50,000 कार्डावर घेतले, बाकीचं कर्ज करून हप्ते बांधले. घरी येऊन करार वाचला तर वार्षिक मेंटेनन्स वेगळा, मे महिना आणि दिवाळी वगळलेली, 'रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' आणि 'वाद फक्त दिल्लीत'. तोंडी मात्र 'आवडलं नाही तर पैसे परत' असं सांगितलं होतं. काय करावं? (वाकड)

उत्तर : आज रात्रीच ईमेल करा. फोनवरचं 'सरांशी बोलून सांगतो' पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. ईमेलमध्ये सभासद क्रमांक आणि सहीची तारीख लिहा. तोंडी काय सांगितलं आणि कोणी सांगितलं ते लिहा. करारातलं कोणतं कलम त्याच्या उलट आहे ते क्रमांकासह द्या. शेवटी एक सरळ वाक्य : मी सभासदत्व रद्द करत आहे, सर्व रक्कम 15 दिवसांत परत करा. 'विचार व्हावा ही नम्र विनंती' लिहिलंत तर समोरचा त्याला विनंतीइतकीच किंमत देतो. हाच मजकूर करारावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा. करारात 'कूलिंग पीरियड'चं, म्हणजे सहीनंतर मागे फिरायच्या मुदतीचं कलम आहे का, तेही बारीक अक्षरांत शोधा. त्याचे दिवस बहुधा सहीच्या तारखेपासून मोजलेले असतात, त्यामुळे एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.

हप्ते एकदम बंद करू नका. कर्ज तुमच्या नावावर आहे, क्लबच्या नाही. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर तुमचा पडतो. कर्ज देणाऱ्या कंपनीला वादाची लेखी कल्पना द्या आणि पुढे ग्राहक आयोगातल्या तक्रारीत तिलाही जाबदेणार, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. मग तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम अर्ज देऊन वसुली थांबवण्याचा आदेश मागता येतो. कर्ज ॲपवरून झालं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2025च्या निर्देशांप्रमाणे किमान एक दिवसाचा कूलिंग-ऑफ काळ असतो. मात्र त्यात मुद्दल परत भरावं लागतं आणि मुद्दल तर क्लबकडे गेलेलं असतं. म्हणजे हाताशी रोख आहे त्यालाच तो उपयोगाचा. कार्डावरच्या 50,000साठी बँकेचा डिस्प्यूट फॉर्म भरा. कारण 'सेवा सांगितल्याप्रमाणे नाही' असं द्या. 'व्यवहार मी केलाच नाही' असं चुकूनही लिहू नका. पिन तुम्ही स्वतः टाकलाय, अर्ज तिथेच निकालात निघेल.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. न देण्याच्या इराद्याने बक्षीस किंवा भेट जाहीर करणं, आणि ज्याची किंमत मूळ व्यवहारातच वसूल होते ते 'फुकट' म्हणून दाखवणं, दोन्ही त्यात येतं. तुमचं गिफ्ट मिळालं का? नसेल तर तक्रारीत त्याला वेगळा परिच्छेद द्या. सेवेबद्दल तोंडी केलेलं खोटं विधानही याच कलमात बसतं, फक्त ते सिद्ध करावं लागतं. म्हणून त्या दिवसाआधीचे मेसेज, कॉलची नोंद, कूपनचा फोटो, हॉटेलच्या पार्किंगची पावतीसुद्धा फेकू नका.

करार एकतर्फी आहे म्हणून तो रद्द करा, एवढीच मागणी असेल तर एक तांत्रिक खोच आहे. 'अनुचित करारा'ची तक्रार कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिलेली नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. त्यामुळे जिल्हा आयोगात जाताना तक्रार अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी या पायावर उभी करा. करारातली कलमं पुरावा म्हणून दाखवा. दिल्लीच्या कलमाला घाबरायचं कारण नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पुणे. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : ग्राहक आयोगात वकील न लावता तक्रार करता येते का? खर्च किती, वेळ किती? (धनकवडी)

उत्तर : वकील सक्तीचा नाही. जिल्हा आयोगाकडे 50 लाखांपर्यंत, राज्य आयोगाकडे त्यापुढे 2 कोटींपर्यंत आणि राष्ट्रीय आयोगाकडे त्याहून मोठे व्यवहार जातात. हा आकडा तुम्ही प्रत्यक्ष मोजलेल्या मोबदल्याचा, मागितलेल्या भरपाईचा नव्हे. 40,000 च्या फ्रीजवर 60 लाखांची भरपाई मागितली म्हणून तक्रार राज्य आयोगात जात नाही, उलट पहिल्याच तारखेला तुमच्याबद्दलचं मत बिघडतं. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1,000.

दाखल करायची ती ई-जागृती पोर्टलवर. जानेवारी 2025 पासून जुन्या ई-दाखिलची जागा त्याने घेतली आहे. कागद या क्रमाने लावा : अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, मग पुरावे. सगळ्या पानांना सलग क्रमांक द्या आणि तक्रारीत 'पान 14 पाहा' असा उल्लेख करा. तक्रार मोठी नको, पण तीन परिच्छेद हवेतच : कारण कधी घडलं, मुदतीत कशी आहे, आणि याच आयोगाच्या हद्दीत का. मागणीत परत हवी ती रक्कम, व्याज कधीपासून, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे आकड्यांत वेगवेगळं लिहा. 'योग्य तो न्याय मिळावा' एवढ्यावर आयोग काय देणार? व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडत असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लावलेलं बरं.

सर्वांत जास्त तक्रारी रखडतात त्या जाबदेणाराच्या नावापायी. पाटीवरचं नाव आणि कायद्यातलं नाव एक नसतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणीचा पत्ता फुकटात मिळतो. तेच नाव वापरा. चुकीच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत येते आणि तारखेमागून तारीख पडते.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने सर्वसाधारणपणे 21 दिवसांत ठरवायचं असतं. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि जास्तीत जास्त आणखी 15. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवलं. म्हणून 45 दिवस उलटले की 'लेखी म्हणण्याशिवाय प्रकरण चालवा' असा अर्ज लगेच द्या, कारण कायदा तुमच्या बाजूने असला तरी आठवण तुम्हालाच करून द्यावी लागते. निकालाचा कायद्यातला काळ तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात मात्र वर्ष-दोन वर्षांची मनाची तयारी ठेवा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि मूळ रक्कम मिळत असेल, तर आमच्या मते तो स्वीकारण्यात कमीपणा नाही.

मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. मध्ये कितीही नोटिसा पाठवल्या तरी ती लांबत नाही. निकाल बाजूने लागला तर समोरच्याला 45 दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर कलम 71 आणि 72 खाली दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज करा. 72 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. वर्षभर हलत नसलेले धनादेश त्या नोटिशीनंतर हलू लागतात.

आणि 1915? ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि पाठपुरावा होतो. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत पैसे परत मिळवायला हा रस्ता अनेकदा पुरेसा ठरतो. पण ती आदेश देत नाही आणि तिच्याकडे तक्रार केली म्हणून दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. तक्रार क्रमांक जपा, तो पुढे पुरावा होतो.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावरून 40 ग्रॅमच्या पाटल्या घेतल्या. बिलावर फक्त '22 कॅरेट, केडीएम' लिहिलंय. मोडायला गेले तर दुसरा सराफ म्हणाला 21 कॅरेटच भरतात. (सदाशिव पेठ)

उत्तर : 'केडीएम' म्हणजे सांधा जोडायला वापरलेलं कॅडमियमचं डाग-काम, शुद्धतेचा तो पुरावा नव्हे. पेठेतल्या बोलण्यात तो शब्द अजून टिकून आहे म्हणून फसायला होतं. पाटल्या कधी घेतल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि इथे तारखेलाच महत्त्व आहे. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला हॉलमार्कचे दागिने सहा अक्षरी-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) विकता येत नाहीत. दोन ग्रॅमच्या आतले दागिने, कुंदन, पोलकी, जडाऊ असे काही अपवाद आहेत, पाटल्या त्यात नाहीत.

भिंग घेऊन पाटलीच्या आतली बाजू पाहा. तीन खुणा हव्यात : बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोणी चिन्ह, '22के916' आणि एचयूआयडी. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. सराफाची नोंदणी, हॉलमार्क केंद्राचं नाव, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. प्रकार जरूर वाचा. पाटलीवरच्या क्रमांकाला ॲप 'अंगठी' म्हणालं तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्यावरून उचललेला आहे.

दुसऱ्या सराफाचं तोंडी मत पुरावा होत नाही, शिवाय मोड घेताना कमी सांगण्यात त्याचाही फायदा असतो. बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्क केंद्रात दागिना स्वतः नेऊन तपासून घ्या. शुल्क 200 रुपये आणि कर. अहवालात वजन आणि हजारी शुद्धता लेखी मिळते. मात्र दागिना वितळवू नका आणि पॉलिशलाही देऊ नका.

हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी भरली तर बीआयएसच्या 2018च्या नियमांतला 49वा नियम लागू होतो : कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई, वर तपासणीचा खर्च. हिशेब असा. 916 (22 कॅरेट) ऐवजी 875 (21 कॅरेट) भरलं तर फरक हजारी 41, म्हणजे 40 ग्रॅमवर 1.64 ग्रॅम शुद्ध सोनं. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव ग्रॅमला 10,000 धरला तर 16,400, त्याची दुप्पट 32,800. दागिन्यावर हॉलमार्कच नसेल तर हा दुप्पटीचा नियम चालत नाही. मग बिलावरच्या '22 कॅरेट' या शब्दांवर ग्राहक आयोगात जायचं आणि बीआयएसकडे वेगळी तक्रार करायची.

पुढच्या खरेदीत बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हजारी शुद्धता, खड्यांचं वजन, मजुरी आणि हॉलमार्क शुल्क वेगवेगळं लिहून घ्या. हॉलमार्क शुल्क नगाला 45 रुपये आणि कर, वजन कितीही असो. ते टक्क्यांत लावलेलं दिसलं तर तिथेच थांबवा. मजुरीवर कायद्याची कमाल मर्यादा नाही, ती घासाघिशीचीच गोष्ट.

प्रश्न : तपकीर गल्लीतून 'सीलबंद नवा' म्हणून लॅपटॉप घेतला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, वॉरंटी 14 महिन्यांपूर्वीच सुरू झालीय. दुकानदाराने कच्चं बिल दिलं होतं आणि आता म्हणतो, 'तुम्ही डिझाइनची कामं करता, म्हणजे धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही.' (बिबवेवाडी)

उत्तर : दुकानदाराने अर्धंच वाचलंय. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे खरी, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुन्हा आत घेतली आहे. एकट्याने काम करणारा डिझायनर त्यात बसतो. तक्रारीत 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे शब्द आणि कामाचं स्वरूप लिहा.

जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं हे कलम 2(47) मध्ये नाव घेऊन सांगितलेलं आहे. पुरावा गोळा होईपर्यंत लॅपटॉप फॉरमॅट करू नका, उघडू नका. सर्व्हिस सेंटरकडून वॉरंटी सुरू झाल्याची तारीख जॉबशीटवर लिहून घ्या. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा. नव्या मशीनचा सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली) एक आकडी असतो, तिथे तीनशे दिसले की वादच संपतो. एसएसडी किती तास चालली आहे तेही निघतं. खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि बायोसमधला नंबर जुळतात का ते पाहा. खोकं बदलून विकलेल्या मशीनमध्ये घोटाळा तिथेच सापडतो. मोबाइलच्या बाबतीत हेच काम संचार साथी ॲपवर आयएमईआय टाकून होतं.

पक्कं बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. त्यामुळे बिल नाही म्हणून केस लंगडी होत नाही, त्याचा एक मुद्दा वाढतो. यूपीआयची नोंद, खोक्याचा फोटो, दुकानदाराशी झालेलं चॅट पुरेसं ठरू शकतं. रोख दिली असेल आणि चॅटही नसेल तर मात्र अवघड आहे. 'जीएसटी वाचवतो' म्हणणाऱ्याने तुमची वॉरंटी वाचवलेली नसते.

प्रश्न : मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासची वर्षाची फी एकरकमी भरली. जाहिरातीतले 'आमचे यशस्वी विद्यार्थी' फक्त मुलाखतीच्या सरावाला येऊन गेले होते, असं आता कळतंय. क्लास सोडला तर उरलेली फी मिळेल का? (नवी पेठ)

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची दारंही वेगळी.

जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 13 नोव्हेंबर 2024ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 50 हून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना लागू. फोटोसोबत उमेदवाराने कोणता कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की मोफत, हे द्यावं लागतं. त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतरच घ्यावी लागते, प्रवेशाच्या वेळी नव्हे. '100 टक्के निवड' म्हणायला बंदी आहे. तक्रार प्राधिकरणाकडे किंवा कलम 17 खाली थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. फ्लेक्सचा फोटो काढताना चौक आणि तारीख दिसू द्या. पहिल्या वेळी दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. पण तो दंड सरकारजमा होतो, त्यातून तुमची फी परत येत नाही.

फीसाठी ग्राहक आयोग. विद्यापीठं आणि महाविद्यालयांचं शिक्षण ही 'सेवा' नाही, असं मानलं जातं. खासगी क्लासना मात्र ही सूट नाही, हे राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024च्या सूचनांत उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं आहे. त्या राज्यांना दिलेल्या सूचना आहेत, कायदा नव्हे, म्हणून एकट्या त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. 'जाहिरात खोटी होती म्हणून प्रवेश घेतला' हा मुद्दा पुढे ठेवा. क्लास सोडण्याचं पत्र आजच्या तारखेने द्या. तुम्ही जात नसाल पण पत्र दिलं नसेल, तर क्लास प्रत्येक महिना 'शिकवलेला' धरतो.

प्रश्न : हॉटेलच्या बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज होता. काढायला सांगितलं तर 'मेन्यूवर लिहिलंय' म्हणाले. (औंध)

उत्तर : मेन्यूवर लिहिल्याने तो सक्तीचा होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने घुसवता येत नाही आणि त्यावर जीएसटीही घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने 28 मार्च 2025ला ही तत्त्वं उचलून धरली. हॉटेल संघटना त्याविरुद्ध अपिलात गेल्या. बिल देण्याआधी तो काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर बिल पूर्ण भरा, फोटो काढा आणि तिथूनच 1915 लावा.

त्याच बिलावर 'कंपोझिशन' लिहिलंय का, तेही बघा. कंपोझिशन या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटी योजनेतलं हॉटेल गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही. छोट्या हॉटेलांत सर्व्हिस चार्जपेक्षा हेच जास्त डोळ्यांआड जातं. पाण्याच्या बाटलीचं मात्र उलट आहे. बसून जेवायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये तसं म्हटलं आहे. टपरीवर किंवा किराणा दुकानात 'थंड करायचे दोन रुपये' घेता येत नाहीत.

प्रश्न : ॲपवर 'मोफत महिना' घेतला, आता दरमहा 299 कापले जातात. रद्द करायचं बटणच सापडत नाही. (हिंजवडी)

उत्तर : आधी नळ बंद करा. यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभागात जाऊन ती परवानगी तिथूनच रद्द करा, कार्ड असेल तर बँकेच्या संकेतस्थळावरून. त्यासाठी त्या ॲपची मेहेरबानी लागत नाही. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. ती आली नसेल तर बँकेकडे स्वतंत्र तक्रार होते.

घेणं एका टिचकीत आणि सोडणं भूलभुलैयात, याला 30 नोव्हेंबर 2023च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी ॲपची रचना) मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलं आहे. अशा 13 प्रकारांना तिथे बंदी आहे. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं आणि शेवटच्या पडद्यावर नवं शुल्क उगवणं हेही त्यातच. एकच स्क्रीनशॉट पुरत नाही. पहिल्या पडद्यापासून पैसे भरण्यापर्यंतचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो. ती मुदत संपल्यावर पुढच्या दारी जा.

प्रश्न : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी कायदेशीर आहे का? आणि कापडी पिशवीचे 15 रुपये? (तुळशीबागेतली एक गिऱ्हाईक)

उत्तर : माल सदोष असेल तर पाटीला अर्थ नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत तो परत घेऊन पैसे द्यावे लागतात. 'फक्त बदलून मिळेल' हेही सदोष मालाला चालत नाही. पण रंग घरी आवडला नाही, वहिनींना आवडला नाही, यासाठी कायदा दुकानदाराला बांधत नाही. तिथे ओळखच कामाला येते. पिशवीबाबत राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये म्हटलं की खरेदी झाल्यावर काउंटरवर अचानक पिशवीचे पैसे मागणं ही अनुचित प्रथा आहे. दाराशीच ठळक लावलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : गाडीच्या पुस्तिकेत टाकी 35 लिटरची आहे, पंपाने 38 लिटर भरले. तक्रार कुठे? (हडपसर)

उत्तर : एवढ्यावर तक्रार टिकणार नाही. पुस्तिकेतला आकडा नाममात्र असतो. टाकीची मान आणि वाफेसाठी सोडलेली जागा धरून प्रत्यक्षात त्याहून जास्त मावतं. संशय असेल तर तिथेच 5 लिटरच्या मापाने मोजून मागा. वैधमापन (वजनं-मापं तपासणाऱ्या) विभागाने पडताळलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर नाही म्हणता येत नाही. 5 लिटरला 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर वैधमापन विभागाकडे आणि त्या तेल कंपनीकडे तक्रार करा. तक्रारीत पावती, वेळ, नोझल क्रमांक आणि यंत्रावरच्या पडताळणीच्या शिक्क्याची तारीख द्या. माप वापरण्याआधी ते आतून पेट्रोलने ओलं करून निथळलेलं असलं पाहिजे. कोरड्या मापात पहिल्या वेळी थोडं कमीच दिसतं आणि पंपवाला तेवढ्यावरून तुम्हाला खोटं पाडतो.